नावाने धाकटे, पोटाने थोरले : साऊंड ब्लास्टर ३२ चे परीक्षण

संगणकाला आवाज देणाऱ्या जुन्या साऊंड कार्डांच्या बाजारात नावाला भाव आहे, मेमरीला नाही. त्यामुळेच गेल्या डिसेंबरात सोलापुरातील नवी पेठेच्या मागच्या एका गल्लीत, जुन्या संगणकांच्या सुट्या भागांच्या दुकानात, क्रिएटिव्ह कंपनीचे साऊंड ब्लास्टर ३२ मला अवघ्या ९०० रुपयांना मिळाले. त्याच खोक्यात त्याच कंपनीचे एडब्ल्यूई ३२ पडले होते आणि त्याचे मात्र ३,५०० रुपये सांगण्यात आले. दुकानदारांच्या मुलाने मोबाइलवर एडब्ल्यूई ३२ चे परदेशातले भाव पाहून ठेवले होते. दुसरे कार्ड त्याला साऊंड ब्लास्टर १६ च्या जातीतले वाटले असावे, म्हणून त्याचा भाव त्याने शोधलाच नव्हता. "घेऊन जावा की ओ सर, लावून बघा, नाही वाजलं तर परत आणा," असे त्याचे वडील म्हणाले आणि मी धाकटे कार्ड उचलले. तीन महिने रोज वापरल्यानंतर त्या कार्डाविषयी, आणि ओघाने त्याच्या भावंडांविषयी, सविस्तर लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आला आहे.

आधी या कुटुंबातील नात्यांचा उलगडा करावा लागतो, कारण नावांमधील आकडे एकाच मापाचे नाहीत. १९९२ च्या साऊंड ब्लास्टर १६ मधील १६ हा आकडा बिटांचा आहे. मार्च १९९४ मध्ये आलेल्या एडब्ल्यूई ३२ मधील आणि जून १९९५ मध्ये जाहीर झालेल्या साऊंड ब्लास्टर ३२ मधील ३२ हा आकडा बिटांचा नसून एका वेळी वाजू शकणाऱ्या आवाजांचा आहे. ही दोन्ही कार्डे ध्वनिमुद्रणाच्या आणि ध्वनिपुनरुत्पादनाच्या बाबतीत १६ बिटांचीच आहेत. पुढे १९९६ च्या अखेरीस आलेल्या एडब्ल्यूई ६४ मधील ६४ पैकी चिपवर वाजणारे आवाज पुन्हा ३२ च आहेत आणि उरलेले ३२ संगणकाच्या प्रोसेसरकडून सॉफ्टवेअरने काढून घेतले जातात. १६ पेक्षा ३२ आणि ३२ पेक्षा ६४ मोठे, असा हिशेब करून त्या काळी मल्टिमीडिया किट घेणाऱ्या माणसाची काय समजूत होत असेल, याची कल्पना केलेली बरी.

एडब्ल्यूई ३२ आणि साऊंड ब्लास्टर ३२ या दोघांचा प्राण एकच आहे, तो म्हणजे ईएमयू ८००० ही सिंथेसायझर चिप. क्रिएटिव्हने १९९३ मध्ये ई-म्यू सिस्टिम्स ही सॅम्पलर, म्हणजे मुद्रित केलेले आवाज वाद्यासारखे वाजवणारी यंत्रे, बनवणारी कंपनी विकत घेतली आणि त्या कंपनीचे ज्ञान या चिपच्या रूपाने घरगुती संगणकात आणले. चिपच्या जोडीला १ एमबीची रॉम असते आणि तिच्यात जनरल मिडी या ठरावीक वाद्ययादीतील पियानोपासून ढोलापर्यंत सर्व वाद्यांचे सॅम्पल, म्हणजे छोटी ध्वनिमुद्रणे, कायमचे कोरलेले असतात. ही रॉम दोन्ही कार्डांवर आहे, रिव्हर्ब (घुमारा) आणि कोरस (एका आवाजाचे अनेक झाल्याचा भास) हे परिणामही दोन्हींवर आहेत. फरक रॅममध्ये, म्हणजे आपल्याला भरता-पुसता येणाऱ्या मेमरीत आहे. एडब्ल्यूई ३२ वर ५१२ केबी रॅम कारखान्यातूनच बसवलेली असते. साऊंड ब्लास्टर ३२ वर एक बाइटही नसतो. मात्र दोघांनाही ३० पिनांच्या सिम्म या मेमरीच्या सुट्या पट्ट्यांसाठी दोन सॉकेट दिलेले आहेत आणि दोघांचीही कमाल मर्यादा २८ एमबी आहे.

आता यातली मेख अशी की, एडब्ल्यूई ३२ वर सिम्म बसवल्या की कार्डावरची मूळची ५१२ केबी रॅम बाजूला पडते, ती सिम्मच्या मेमरीत मिळवली जात नाही. म्हणजे दोन्ही कार्डांत १ एमबीच्या दोन सिम्म घातल्या, तर दोन्हीकडे बरोबर २ एमबीच मिळते. माझ्यासमोर ठेवलेल्या दोन कार्डांच्या किमतीत २,६०० रुपयांचा जो फरक होता, त्यातून मेमरीच्या बाबतीत मला काहीही जास्त मिळणार नव्हते. मिळाले असते ते वाद्यांचे आणखी आवाज देणारे वेव्ह ब्लास्टर जातीचे उपकार्ड बसवण्याचे पिनांचे कनेक्टर, ध्वनिप्रक्रियेच्या सीएसपी या स्वतंत्र चिपची सोय आणि खर्ज-तार कमी-जास्त करण्याचे मिक्सरमधील नियंत्रण. ज्याला उपकार्ड बसवायचे आहे त्याने जरूर पैसे मोजावेत. मला बसवायचे नव्हते.

खरेदीपूर्वी कार्ड डोळ्यांनी पाहणे का आवश्यक आहे, हे मी दोन वर्षांपूर्वी पैसे घालवून शिकलो आहे. ऑनलाइन बाजारातल्या एका विक्रेत्याने एडब्ल्यूई ३२ म्हणून जे कार्ड पाठवले, ते प्रत्यक्षात साधे साऊंड ब्लास्टर १६ निघाले. छायाचित्र दुसऱ्याच कार्डाचे होते आणि परताव्याची मुदत मला कळेपर्यंत संपली होती. तेव्हापासून मी खोक्यावरचे नाव वाचतच नाही. कार्डावर सीटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो, तो आधी पाहतो. माझ्या कार्डावर सीटी ३६०० आहे. सुरुवातीच्या एडब्ल्यूई ३२ वर सीटी २७६० असतो. त्यानंतर ईएमयू ८००० असे लिहिलेली चौकोनी चिप आहे का, हे पाहावे आणि शेवटी सिम्मचे दोन लांबट सॉकेट व त्यांच्या टोकांच्या पकडी शाबूत आहेत का, हे बोटाने चाचपून पाहावे. पकड प्लॅस्टिकची असेल आणि तुटलेली असेल, तर सिम्म तिरकी बसते, टोकाच्या पिना टेकत नाहीत आणि पुढचा सगळा खटाटोप वाया जातो.

माझे कार्ड एका टॉवेल कारखान्याच्या कार्यालयातून भंगारात आले होते असे दुकानदारांनी सांगितले, आणि ते न सांगताही कळले असते, कारण चिपांच्या पायांमध्ये रुईचे तंतू अडकलेले होते. हिशेबाच्या संगणकाला एवढे चांगले साऊंड कार्ड कोणी आणि कशासाठी बसवले असेल, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. मऊ ब्रशने रुई काढली, आयएसए या जुन्या जातीच्या स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी कड खोडरबराने घासली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि कार्ड पेंटियम १६६ एमएमएक्स असलेल्या, विंडोज ९८ वर चालणाऱ्या माझ्या जुन्या यंत्रात बसवले. पहिल्याच प्रयत्नात ते ओळखले गेले आणि रॉममधील वाद्ये वाजू लागली. सिम्मशिवायही साऊंड ब्लास्टर ३२ हे जनरल मिडीचे पूर्ण कार्ड असते, एवढे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. जे करता येत नाही ते म्हणजे स्वतःचे साऊंडफॉन्ट, म्हणजे स्वतः तयार केलेले वाद्यसंच, भरणे, आणि मला नेमके तेच करायचे होते.

मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि त्या काही दिवसांत शहराच्या कानात हलगी बसते. मला हलगी, संबळ आणि सनई यांचा एक संच कळफलकावर वाजवता येईल अशा स्वरूपात तयार करायचा होता. मिरवणुकीच्या गर्दीत केलेले ध्वनिमुद्रण या कामाला उपयोगी पडत नाही, म्हणून एका वादकांना घरी बोलावून, पंखे बंद करून, एकेक ठोका स्वतंत्र मुद्रित केला. हलगीचे १२ वेगवेगळे ठोके झाले आणि प्रत्येकाची लांबी सुमारे ०.६ सेकंद भरली.

मेमरीचे गणित येथे सुरू होते. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना दोन बाइटांचा, म्हणजे एकेरी वाहिनीच्या एका सेकंदाला ८८,२०० बाइट लागतात. ५१२ केबी रॅममध्ये जेमतेम ५.९ सेकंद मावतात. माझी नुसती हलगीच ७.२ सेकंदांची, म्हणजे सुमारे ६२० केबीची होती. एडब्ल्यूई ३२ त्याच्या मूळच्या रॅमसह घेतले असते, तर यात्रेतले एक वाद्यसुद्धा त्यात पुरते बसले नसते. नमुन्यांचा दर निम्मा, म्हणजे २२,०५० केला, तर जागा निम्मी लागते, हे खरे आहे. परंतु त्या दराने ११ किलोहर्ट्झच्या वरचे काहीही उरत नाही आणि हलगीचा कडकडाट तर तिथेच राहतो. मी तोही प्रयोग करून पाहिला. ऐकणाऱ्याला ती हलगी वाटत नाही, कोणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यावर छडी मारत आहे असे वाटते. संबळाचे ठोके ९ सेकंदांचे आणि सनईचे १० स्वर प्रत्येकी ४ सेकंदांचे धरले, तर संपूर्ण संच ५६.२ सेकंदांचा, म्हणजे ४.७ एमबीचा झाला. सनईचा स्वर आखूड कापून तो चक्राकार फिरवत ठेवण्याची पद्धत असते, पण फुंकीची थरथर प्रत्येक फेरीत त्याच जागी येऊ लागली की कानाला ते लगेच खटकते, म्हणून मी पूर्ण लांबी ठेवली.

त्यामुळे गरज ८ एमबीची होती. ३० पिनांची सिम्म ८ बिट रुंद असते आणि ईएमयू ८००० ला १६ बिटांचा नमुना एका वेळी लागतो, म्हणून सिम्म नेहमी सारख्या आकाराच्या जोडीनेच बसवाव्या लागतात. १ एमबीची जोडी २ एमबी देते, ४ एमबीची जोडी ८ एमबी, आणि १६ एमबीची जोडी ३२ न देता २८ देते, कारण चिपच्या ३२ एमबी पत्त्यांपैकी पहिले ४ एमबी रॉमसाठी राखून ठेवलेले आहेत. नऊ चिपांची पॅरिटी (चूक पकडण्याची सोय) असलेली सिम्मही चालते, नववी चिप नुसती बसून राहते. या सिम्म ३८६ आणि सुरुवातीच्या ४८६ मदरबोर्डांवर असत आणि भंगारात त्या अजून मिळतात, फक्त मागताना जपून मागाव्यात. मी त्याच दुकानात "जुन्या सिम्म आहेत का" असे विचारले, तेव्हा त्या मुलाने मला शेजारच्या मोबाइलच्या दुकानाकडे बोट दाखवले. त्याच्या वडिलांना मात्र लगेच कळले. त्यांनी माळ्यावरून बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढून दिला आणि त्यातून निवडून घेतलेल्या ४ एमबीच्या चार सिम्म मला प्रत्येकी ५० रुपयांना मिळाल्या.

चार घेतल्या ते बरे झाले. पहिली जोडी बसवली, क्रिएटिव्हच्या नियंत्रण पटलावर ८ एमबीचा आकडा दिसला, व्हिएन्ना या साऊंडफॉन्ट बनवण्याच्या प्रोग्रॅममधून संच भरला, आणि सनईच्या पंचमावर बरोबर मध्ये एक 'टक्' असा आवाज येऊ लागला. सुरुवातीला मला तो मुद्रणातला दोष वाटला, पण मूळ फाइल स्वच्छ होती. तोच स्वर पुन्हा वाजवला की टक् त्याच क्षणी येई. वरच्या पट्टीत वाजवला की लवकर येई, खालच्या पट्टीत उशिरा. तेव्हा लक्षात आले की मेमरीतला एक कोश मेलेला आहे आणि मी तो ऐकत आहे. संगणकाच्या मुख्य मेमरीत असा दोष असला तर यंत्र अडकते किंवा निळा पडदा दाखवते आणि नेमके काय बिघडले ते सांगत नाही. येथे दोष स्वतःचा पत्ता सांगत होता. संच भरण्याचा क्रम बदलला, तेव्हा टक् सनईतून निघून संबळाच्या एका ठोक्यात गेला आणि उरलीसुरली शंकाही फिटली. दुसरी जोडी घातल्यावर सगळे निर्मळ झाले. मेमरी तपासण्याचे इतके सोपे आणि इतके त्रासदायक साधन मी दुसरे पाहिलेले नाही.

८ एमबीसह साऊंड ब्लास्टर ३२ कसे वाजते, याविषयी माझे मत बरेच अनुकूल आहे. ईएमयू ८००० ची रॉम ही तिची दुबळी बाजू आहे; तिच्यातील तंतुवाद्ये पातळ आणि सतार केविलवाणी आहे. रॅममध्ये स्वतःचे सॅम्पल भरले की तीच चिप ओळखू येत नाही. ३२ पैकी ३० आवाज वाजवण्यासाठी मोकळे राहतात. उरलेले दोन रॅममधील माहिती पुसली जाऊ नये म्हणून ती सतत ताजी ठेवण्याच्या कामी राखून ठेवलेले असतात. हलगी आणि संबळ यांच्या द्रुत लयीत आधीच्या ठोक्यांचे शेवट एकमेकांवर येत असतानाही आवाज तुटल्याचे मला एकदाही जाणवले नाही. चिपवरचा रिव्हर्ब थोडा धातूसारखा आहे, तो मी २० टक्क्यांच्या वर कधी नेत नाही. कार्डावरच्या स्पीकर ॲम्प्लिफायरमधून गेलेल्या आवाजात खरखर आहे. ॲम्प्लिफायर वगळून लाइन पातळीवर घेतल्यास ती बरीच कमी होते, पण शांत जागी हेडफोनवर ऐकू येतेच. एक गैरसोय सोलापूरकरांना विशेष जाणवेल. रॅम ही रॅमच असल्याने वीज गेली की कार्डाचे पोट रिकामे होते आणि आयएसए बसवरून पुन्हा पावणेपाच एमबी भरेपर्यंत बसून राहावे लागते. उन्हाळ्यात दुपारी काम करायचे असेल, तर यूपीएस हवाच.

डॉसचे खेळ खेळण्यासाठी कोणी हे कार्ड घेणार असेल, तर त्याला माझा सल्ला थोडा वेगळा राहील. ज्या खेळांना एडब्ल्यूईची थेट ओळख आहे, त्यांत ते उत्तम वाजते. ज्यांना नाही, त्यांच्यासाठी एडब्ल्यूईयूटिल हा मेमरीत ठाण मांडणारा प्रोग्रॅम आधी चालवावा लागतो आणि प्रोटेक्टेड मोडमध्ये चालणाऱ्या बऱ्याच खेळांपुढे तो हात टेकतो. या कामासाठी रॅमचा उपयोगही फारसा नाही. अशा वाचकाने सिम्मवर पैसे घालवू नयेत.

एडब्ल्यूई ६४ माझ्या एका मित्राकडे आहे, त्याविषयी थोडक्यात. ते आखूड आहे, कमी खरखरते, कोणत्याही पेटीत सहज बसते. त्याची व्हॅल्यू आवृत्ती ५१२ केबीची आहे, तर सीटी ४३९० क्रमांकाच्या गोल्ड आवृत्तीवर ४ एमबी रॅम, सोन्याचा मुलामा दिलेले आरसीए जॅक आणि डिजिटल निर्गम आहे. माझा संच गोल्डमध्ये जवळजवळ बसला, सनईचे तीन स्वर बाहेर राहिले. आणि ते बाहेरच राहिले, कारण येथे क्रिएटिव्हने सिम्मचे सॉकेट काढून टाकून स्वतःच्या खास बनावटीचे मेमरीचे कनेक्टर बसवले. भंगारात ढिगाने मिळणारी मेमरी त्यात बसत नाही आणि जी बसते ती आपल्याकडे मला आजवर कुठे दिसलेली नाही. शिवाय या मालिकेत एफएम, म्हणजे सॅम्पलशिवाय गणिताने घडवलेल्या, संगीतासाठी यामाहाची मूळ चिप नसून तिची क्रिएटिव्हने केलेली नक्कल आहे. एवढे देखणे कार्ड आणि त्याच्या पोटाला असे कुलूप, याचे मला वाईट वाटते.

मेमरीच्या बाबतीत सर्वांत निराळी कथा ग्रॅव्हिस अल्ट्रासाऊंडची आहे, आणि तुलनेसाठी मी माझ्या मावसभावाचे, १९९४ मध्ये अमेरिकेहून आलेले कार्ड महिनाभर मागून आणले होते. ॲडव्हान्स्ड ग्रॅव्हिस ही कॅनडातील कंपनी. तिने १९९२ मध्ये हे लाल रंगाचे कार्ड काढले. त्याच्या जीएफ १ या चिपला वाद्यांची रॉम नाहीच. प्रत्येक वाद्य हार्ड डिस्कवरून कार्डाच्या रॅममध्ये आणावे लागते, म्हणजे रॅम नसेल तर अल्ट्रासाऊंडला वाद्यच नाही. मूळ कार्डावर २५६ केबी रॅम असे आणि मोकळ्या सॉकेटांमध्ये चिपांच्या जोड्या दाबून ती २५६ च्या पायऱ्यांनी १,०२४ केबीपर्यंत वाढवता येई. भावाचे कार्ड पूर्ण भरलेले आहे. त्या चिपा त्याने १९९५ मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणल्या होत्या आणि त्यांचे पाय वाकू नयेत म्हणून सोलापूरपर्यंत रेल्वेत डबी मांडीवर धरून बसला होता.

या पायऱ्यांचे महत्त्व किती होते, ते १९९३ च्या डूम या खेळात दिसते. त्यात अल्ट्रासाऊंडसाठी वाद्यांचा एक तक्ता दिलेला आहे आणि त्याला २५६, ५१२, ७६८ आणि १,०२४ केबी असे चार स्तंभ आहेत. रॅम कमी असेल तर एका वाद्याच्या जागी त्याच्या जवळचे दुसरे वाद्य वापरून वेळ निभावली जाते. एकाच खेळाचे एकच संगीत, पण २५६ केबीच्या कार्डावर अनेक वाद्यांची सोंगे मोजकीच वाद्ये घेतात. भावाच्या कार्डावरील रॅम कमी-जास्त करून मी ते ऐकले. कार्डाचे नाव तेच, क्रमांक तोच आणि वादकांचा ताफा निराळा, हा अनुभव नावावर भाव ठरवणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला एकदा द्यावा असे वाटले.

माझा यात्रेचा संच अल्ट्रासाऊंडमध्ये भरताना आणखी एक अडचण पुढे आली. जीएफ १ ला १६ बिटांचा सॅम्पल २५६ केबीच्या सीमेपलीकडे नेता येत नाही; १ एमबी रॅम म्हणजे तिच्या दृष्टीने चार स्वतंत्र खण आहेत. माझा हलगीचा एक ठोका ५२,९२० बाइटांचा. एका खणात चार ठोके आरामात बसतात आणि पाचवा अवघ्या अडीच हजार बाइटांसाठी बाहेर राहतो. असे १२ ठोक्यांनी तीन खण अडवले आणि प्रत्येक खणात ५० केबी जागा उघडी पडली. सनईचा ४ सेकंदांचा स्वर तर एका खणात मावणेच शक्य नाही, कारण १६ बिटांत तिथे २.९७ सेकंदांपेक्षा जास्त काही राहत नाही; तो ८ बिटांचा करावा लागला आणि त्याच्याबरोबर फुसफूसही आली. भरीला भर म्हणजे १४ आवाजांपर्यंत ही चिप ४४,१०० च्या दराने वाजते, पण आवाज वाढवले की दर त्याच प्रमाणात उतरतो आणि ३२ आवाजांना तो १९,३०० च्या आसपास येतो. म्हणजे मिरवणूक जितकी रंगावी, तितकी हलगी पुठ्ठ्याकडे झुकावी असा प्रकार. हे सगळे सांगूनही कबूल करतो की १४ आवाजांच्या आत या कार्डाचा स्वर मला साऊंड ब्लास्टर ३२ पेक्षा अधिक स्वच्छ आणि भरीव वाटला.

ग्रॅव्हिसच्या पुढच्या आवृत्त्या कोणाच्या हाती लागल्या तर त्यांचे पोट पुढीलप्रमाणे ओळखावे. अल्ट्रासाऊंड मॅक्सवर ५१२ केबी असते आणि ती १ एमबीपर्यंत वाढते. १६ बिटांचे ध्वनिमुद्रण करणारी चिपही त्यावर आहे. एसीई हे ५१२ केबीचे, ध्वनिमुद्रणाची सोय नसलेले जोडकार्ड आहे. प्लग अँड प्ले आवृत्तीत एएमडीची इंटरवेव्ह चिप आणि १ एमबी रॉम आली आणि ३० पिनांच्या दोन सिम्मही. पण साध्या आवृत्तीवर रॅम मुळीच नाही आणि जुन्या अल्ट्रासाऊंडशी सुसंगत राहण्यासाठी लागणारी ५१२ केबी फक्त प्रो आवृत्तीवर आहे. यांतले एकही मला सोलापुरात दिसलेले नाही. ज्याला केवळ ग्रॅव्हिसचा स्वर हवा आहे, त्याच्यासाठी आता पिकोगस हे नव्या बनावटीचे आयएसए कार्डही आहे. ते आरपी २०४० या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर अल्ट्रासाऊंडची नक्कल करते.

माझा एकूण खर्च कार्डाचे ९०० आणि सिम्मचे २०० असा ११०० रुपये झाला आणि या पैशात ८ एमबीचा सॅम्पलर मिळाला, याचे मला पूर्ण समाधान आहे. २८ एमबीचा मोह मी टाळला आहे. १६ एमबीच्या ३० पिनी सिम्म दुर्मीळ आहेत, माझ्या संचाला ८ मध्येही तीन एमबीहून अधिक मोकळी जागा उरते आणि सनईचा आणखी एक बारा स्वरांचा सप्तक मुद्रित केला तरच ती अपुरी पडेल. ध्वनिमुद्रणासाठी मात्र या कार्डावर विसंबू नये, त्याचा माइक इनपुट गोंगाटाचा आहे.

दुकानाविषयी सांगायचे तर, माल नीट लावलेला नाही, कार्डे एकमेकांवर रचून ठेवतात, पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, पण तपासून परत करण्याची मुभा तोंडी का होईना देतात आणि पाळतात. खराब निघालेल्या दोन सिम्म त्यांनी एक शब्द न बोलता बदलून दिल्या. तेव्हाच मी त्या मुलाला, मोठे कार्ड सोडून धाकटे का घेतले ते सगळे कागदावर आकडे मांडून समजावून सांगितले होते. मागच्या आठवड्यात तिथे आणखी एक साऊंड ब्लास्टर ३२ आल्याचे कळले म्हणून गेलो, तर त्याचे २,५०० रुपये सांगितले गेले आणि बिस्किटाच्या डब्यातल्या सिम्म आता ३०० ला एक आहेत.